वर्षावासात सोशल मीडियाला तीन महिने सुट्टी: कार्यकर्त्यांनी हे का आणि कसे करावे?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लागणारे पुस्तकांचे स्टॉल पाहून साहित्य संमेलनवाल्यांनाही हेवा वाटावा. रेल्वेच्या जनरल डब्यातून उभ्याने आलेला माणूस परत जाताना पिशवीत दोन-चार पुस्तके घेऊन जातो. आपल्या समाजाला वाचनाची ओढ नाही असे म्हणण्याची कोणाची हिंमत होणार नाही. पुस्तके घरी येतात. प्रश्न त्यानंतरचा आहे. विहारात येणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींशी आम्ही बोलतो तेव्हा बहुतेकांचे म्हणणे एकच असते. पुस्तक उघडले की चार पानांनंतर हात मोबाईलकडे जातो आणि मोबाईल खाली ठेवेपर्यंत तास गेलेला असतो.

ही मुले आळशी नाहीत. उलट सर्वांत जास्त राबणारी हीच आहेत. जयंतीची वर्गणी हीच गोळा करतात, मोर्चाची परवानगी काढायला पोलीस ठाण्यात हीच जातात, अत्याचाराची बातमी आली की गावात पहिल्यांदा हीच पोहोचतात. आणि रात्री बारा वाजता कुठल्या तरी जातीयवादी अकाउंटला उत्तर देत हीच जागी असतात. सकाळी उठल्यावर डोके जड, चिडचिड, कशातच मन लागत नाही. मग पुन्हा मोबाईल.

अशा वेळी सोशल मीडियापासून काही काळ दूर राहा असा सल्ला सगळेच देतात. इंग्रजी मासिकांत तो दर महिन्याला छापून येतो. पण तो सल्ला देणाऱ्यांना आपली अडचण ठाऊक नसते. ज्यांच्या सुख-दुःखाच्या बातम्या वर्तमानपत्रात आपोआप छापून येतात त्यांना अ‍ॅप काढून टाकणे सोपे आहे. आपले तसे नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली. मोठ्या माध्यमांना तिची नीट दखल घ्यायला कित्येक आठवडे लागले. तोपर्यंत कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, पत्रके आणि रस्त्यावर उतरलेली माणसे यांनीच ते प्रकरण जिवंत ठेवले. दहा वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला तेव्हा त्याचे पत्र काही तासांत देशभरातील विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर होते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली आणि २ एप्रिलला भारत बंद झाला. त्या बंदची हाक मुख्यतः मोबाईलवरूनच पसरली. ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. हे माध्यम आपल्या कामाचे आहे, यात वाद नाही. त्यामुळे येथे आम्ही मोबाईल फेकून द्या असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की वर्षातून काही काळ ठरवून, सामूहिकपणे आणि कामाला धक्का न लावता यातून बाहेर राहायला हवे, आणि त्यासाठी आपल्याकडे अडीच हजार वर्षांची तयार पद्धत आहे.

आधी थोडे या यंत्राविषयी. पूर्वी एखादे पान वाचून संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागे. तेवढ्या क्षणात माणूस विचार करू शकत असे की आता पुरे. २००६ मध्ये एझा रॅस्किन या डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना आणली आणि तो क्षणच नाहीसा झाला. याच रॅस्किनने पुढे आपल्या या कामाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. दुसरी गोष्ट म्हणजे बक्षिसाची अनिश्चितता. प्रत्येक वेळी मोबाईल उघडल्यावर काही चांगले सापडलेच तर त्याची सवय इतकी घट्ट होत नाही. कधी सापडते, कधी नाही, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा जातो. जुगाराचे यंत्रही याच तत्त्वावर चालते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी हे तत्त्व प्राण्यांवरील प्रयोगांत फार पूर्वीच दाखवून दिले होते.

आपल्या दृष्टीने यापेक्षाही महत्त्वाची तिसरी गोष्ट आहे. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. त्यांतून कळले की २०१७ पासून कंपनी पोस्टखालच्या इमोजींना, रागाच्या इमोजीसह, साध्या लाइकच्या पाचपट वजन देत होती. म्हणजे ज्या पोस्टवर लोक चिडतात ती पोस्ट अधिक लोकांपर्यंत. पुढे २०२० मध्ये रागाच्या इमोजीचे वजन शून्यावर आणले गेले. पण कमेंट आणि शेअर यांना महत्त्व देण्याची मूळ रीत राहिलीच. आता विचार करा. बाबासाहेबांविषयी गरळ ओकणारी एखादी पोस्ट येते. तिला आधी पन्नास माणसांनी पाहिलेले असते. आपले पाचशे तरुण तिच्याखाली जाऊन उत्तरे देतात, स्क्रीनशॉट काढून दहा ग्रुपवर टाकतात, बघा बघा म्हणतात. संध्याकाळपर्यंत ती पोस्ट पन्नास हजारांपर्यंत गेलेली असते. लिहिणाऱ्याला हेच हवे होते. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रकार तुम्ही पाहिलेला आहे.

यात आणखी एक धोका आहे ज्याविषयी कमी बोलले जाते. रात्री रागाच्या भरात लिहिलेल्या दोन ओळींवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली, म्हणजे पूर्वीच्या १५३ अ खाली, गुन्हा दाखल होऊ शकतो. समोरचा माणूस खोट्या नावाने लिहीत असतो, आपला मुलगा खऱ्या नावाने. पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते प्रकरण समोर येते आणि पाच वर्षांचा अभ्यास पाण्यात जातो. भांडू नये असे नाही. कुठे, कधी आणि कोणाच्या सोयीने भांडतो हे पाहावे.

आता मनाचे काय होते ते पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क या संशोधिका माणसे स्क्रीनवर एका गोष्टीवर किती वेळ टिकतात हे वर्षानुवर्षे मोजत आहेत. २००४ मध्ये हा वेळ सरासरी अडीच मिनिटे होता. अलीकडच्या मोजणीत तो ४७ सेकंदांवर आला आहे. अडीच मिनिटे तरी काय मोठी होती म्हणा. पण ४७ सेकंदांत ‘जातिप्रथेचे विध्वंसन’चा एक परिच्छेदही नीट कळत नाही. बाबासाहेबांचे लेखन युक्तिवादाचे आहे. पहिला मुद्दा धरून ठेवला नाही तर चौथा समजत नाही.

हे फक्त वाचनापुरते नाही. चळवळीचे जवळपास प्रत्येक खरे काम लांब पल्ल्याचे असते, आणि येथेच मोठी हानी होते. अत्याचाराच्या घटनेचे उदाहरण घ्या. व्हिडिओ येतो, सगळे शेअर करतात, हॅशटॅग चालतो, निषेधाचे स्टेटस लागतात. तिसऱ्या दिवशी दुसरी घटना येते आणि पहिली वाहून जाते. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे वेळापत्रक तीन दिवसांचे नाही. तपास उपअधीक्षक दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नाही ना, हे पाहायचे असते. दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल व्हायला हवे. पीडितांना मिळणारे अर्थसाहाय्य एकदम मिळत नाही, गुन्हा नोंदल्यावर, दोषारोपपत्रानंतर आणि निकालानंतर अशा टप्प्यांत मिळते, आणि प्रत्येक टप्प्याला समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. ती झाली का, तिच्यापुढे आपले प्रकरण ठेवले गेले का, हे विचारणारा कोणी असावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन दोषारोपपत्राचे काय झाले असे विचारणारा एक कार्यकर्ता हजार शेअरपेक्षा अधिक उपयोगी. आणि साठ दिवस एक गोष्ट डोक्यात धरून ठेवण्याची सवयच जर गेली असेल तर तो एकसष्टावा दिवस कोणाच्या लक्षात राहणार?

शिवाय ते व्हिडिओ. मारहाणीचे, विटंबनेचे, आपल्याच आया-बहिणींवरील अत्याचाराचे. रोज, झोपण्याआधी. कार्यकर्ता म्हणून ते पाहणे हे आपले कर्तव्य आहे असे अनेकांना वाटते. पाहून झाल्यावर हाताशी करण्यासारखे काही नसते, फक्त फॉरवर्ड. पोटात गोळा येतो आणि तसाच राहतो. काही दिवसांनी दोनपैकी एक होते. माणूस सगळ्यांवर, घरच्यांवरही, खेकसू लागतो, नाहीतर काहीच वाटेनासे होते. करुणेसाठी दोन्ही वाईट.

तथागतांनी मनाच्या या ओढाताणीसाठी एक उपमा दिली आहे. संयुत्त निकायातील छप्पाणकोपम सुत्तात ती येते. साप, सुसर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड अशा सहा प्राण्यांना दोऱ्या बांधून त्या दोऱ्यांची एकत्र गाठ मारली तर काय होईल? साप वारुळाकडे ओढेल, सुसर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा मसणाकडे, माकड जंगलाकडे. ज्याचा जोर जास्त त्याच्यामागे बाकीचे फरपटत जातील. हे सहा प्राणी म्हणजे आपली सहा इंद्रिये, मन धरून. त्याच दोऱ्या एका भक्कम खांबाला बांधल्या तर थोडा वेळ ओढाताण करून सगळे प्राणी दमून खांबाशी बसतात. तो खांब म्हणजे कायगता सति, शरीराविषयीची सजगता. एका स्क्रीनवर एका मिनिटात लग्नाचा फोटो, प्रेताचा फोटो, विनोद, शिवी आणि चपलांची जाहिरात पाहणाऱ्याला ही उपमा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, संघर्षाच्या काळात बाजूला होणे हा पळपुटेपणा झाला. या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात कोसंबीच्या प्रसंगात आहे, आणि तो प्रसंग आजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठीच घडला असावा असे वाटते. कोसंबीच्या विहारात विनय जाणणारे भिक्खू आणि धम्म सांगणारे भिक्खू असे दोन गट पडले. अट्ठकथा सांगते की कारण होते हातपाय धुण्याच्या जागी भांड्यात शिल्लक ठेवलेले पाणी. तो दोष की दोष नव्हे, यावर वाद सुरू झाला. मग प्रत्येकाचे पाठीराखे जमले, मग शिव्या, मग हातघाई. भगवान बुद्धांनी समजावले. पुन्हा समजावले. दीर्घायू राजकुमाराची कथा सांगून वैराने काय होते ते दाखवले. तेव्हा एका भिक्खूने त्यांना सांगितले की भगवंतांनी निवांत राहावे, या भांडणाचे आम्ही बघून घेऊ. प्रत्यक्ष बुद्धांना ग्रुपमधून बाजूला बसायला सांगितले गेले, असेच म्हणायचे!

भगवंतांनी काय केले? चौथ्यांदा समजावले नाही. कोणाला निरोपही न देता चीवर-पात्र उचलले आणि एकटे निघाले. वाटेत अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे दुधात पाणी मिसळावे तसे एकोप्याने राहत होते, त्यांच्याकडे थांबले. पुढे पारिलेय्यक वनात जाऊन राहिले. इकडे कोसंबीच्या उपासकांना कळले की या भांडखोरांमुळे भगवंत निघून गेले. त्यांनी भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. तेव्हा कुठे दोन्ही गट वठणीवर आले, श्रावस्तीला गेले आणि वाद मिटला. म्हणजे भांडण मिटवले ते उत्तरांनी नव्हे, उपासकांनी लक्ष आणि अन्न काढून घेतल्याने. आपल्यातील संघटनांच्या, नेत्यांच्या, एकाच विहाराच्या दोन समित्यांच्या भांडणात कमेंट करण्याआधी ही कथा एकदा आठवावी.

इच्छानंगल येथेही एकदा भगवंत तीन महिने एकांतात राहिल्याचे संयुत्त निकायात आहे. भिक्षा आणून देणाऱ्याखेरीज कोणीही भेटायला येऊ नये असे त्यांनी सांगितले होते, आणि त्या काळात ते आनापानसतीत राहिले. बाहेर आल्यावर चारिका पुन्हा सुरू झाली. ज्यांनी पंचेचाळीस वर्षे पायी फिरून धम्म सांगितला, त्यांना कोणी पळपुटे म्हणणार नाही.

बाबासाहेबांकडेही याच नजरेने पाहता येते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला, म्हणजे दोन आठवड्यांनी. ते पाक्षिक होते. त्याआधीचा ‘मूकनायक’ही पाक्षिकच. आजच्या हिशोबाने चौदा दिवस म्हणजे युगच झाले. पण त्या अंकांतील अग्रलेख आज शंभर वर्षांनीही आपण अभ्यासाला घेतो. आजच्या सकाळच्या पोस्ट संध्याकाळी आपल्यालाच आठवत नाहीत. साधने कमी होती म्हणून पाक्षिक काढावे लागले, पैसा असता तर त्यांनी दैनिकच काढले असते, हे आम्हाला मान्य आहे. तरी घटना आणि लेखन यांच्यामध्ये विचाराला जागा होती, ही गोष्ट उरतेच.

आता पद्धतीकडे येऊ. वर्षावासाचा नियम कसा झाला? पावसाळ्यातही भिक्खू फिरत होते. लोक कुरकुरू लागले की हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवे गवत तुडवतात, बारीक जिवांना चिरडतात, इतर पंथांचे साधू तरी पावसात एका जागी राहतात. तेव्हा भगवंतांनी तीन महिने एका जागी राहण्याची आज्ञा केली. म्हणजे वर्षावास हा मुळात आपल्या सततच्या हालचालीने इतरांना होणारी इजा थांबवण्याचा नियम आहे. त्या काळात भिक्खूंचा लोकांशी संबंध तुटत नव्हता. लोक येत, धम्म ऐकत. आजही आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एरवी रिकामी असणारी विहारे या काळात संध्याकाळी भरतात.

या नियमाला अपवादही आहेत, आणि आमच्या मते तेच सर्वांत शिकण्यासारखे आहेत. आई-वडील आजारी असतील, एखादा भिक्खू आजारी असेल, धम्माच्या कामासाठी निरोप आला असेल, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येते, मात्र सात दिवसांच्या आत परतायचे. पूर आला, आग लागली, हिंस्र प्राण्यांचा किंवा चोरांचा उपद्रव झाला तर जागा सोडता येते. नियम कडक आहे, पण माणसे मरेपर्यंत पाळायचा नाही. सोशल मीडियापासून दूर राहण्याचे आपले बहुतेक निश्चय याच ठिकाणी मोडतात. एकतर कडेलोटाची प्रतिज्ञा, आजपासून कायमचे बंद, नाहीतर तिसऱ्या दिवशी एक महत्त्वाचा मेसेज बघायला म्हणून उघडले आणि पुन्हा पहिल्यासारखे.

म्हणून आमची सूचना अशी की हे एकट्याने करू नका. आठ-दहा जणांच्या मंडळाने, युवा समितीने किंवा अभ्यासगटाने मिळून आषाढ पौर्णिमेला ठरवावे. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स तीन महिने बंद. अकाउंट डिलीट करण्याची गरज नाही, मोबाईलमधून अ‍ॅप काढले तरी पुरते. व्हॉट्सअ‍ॅप पूर्ण बंद करणे बहुतेकांना जमणार नाही, कारण कॉलेजच्या सूचना, ऑफिसचे काम, गावाकडचे निरोप तिथेच येतात. त्याची वेळ ठरवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. स्टेटस पाहणे बंद, आणि ज्या ग्रुपवर फक्त फॉरवर्ड येतात ते म्यूट.

बातम्यांसाठी पाळी लावा. दर आठवड्याला दोघे जण लक्ष ठेवतील, तेही दिवसातून ठराविक वेळी. जिल्ह्यात काही घडले तर ते बाकीच्यांना फोन करतील. फोन, मेसेज नव्हे. फोन आला म्हणजे खरोखर उठायचे आहे हे सगळ्यांना कळते. घटनास्थळी जाणे, तक्रार लिहिणे, वकिलाला भेटणे यासाठी माणसे ताजीतवानी लागतात, आणि आठ जण विश्रांतीत असतील तर ती मिळतील. पाळी बदलताना आधीच्या दोघांनी चालू प्रकरणांची वही पुढच्यांना द्यावी. गुन्हा नोंदल्याची तारीख, साठावा दिवस कधी येतो, अर्थसाहाय्याचा कोणता टप्पा बाकी आहे. साधी शंभर पानी वही चालते.

ज्यांचे पोटच यावर आहे, म्हणजे आपले यूट्यूब चॅनेल चालवणारे, गाण्यांचे, बातम्यांचे पेज चालवणारे, त्यांना हे जसेच्या तसे लागू नाही. त्यांनी टाकण्याचे काम आणि पाहण्याचे काम वेगळे करावे. शक्य असेल तर टाकण्यासाठी संगणक वापरावा आणि आपल्याच पोस्टखालच्या शिव्या वाचण्याचे काम रोज स्वतः करू नये, ते मित्रांत वाटून घ्यावे. स्त्री कार्यकर्त्यांच्या वाट्याला येणाऱ्या घाणेरड्या मेसेजेसच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे आहे. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवायचे असतात, पण ते काढण्याचे काम तिनेच करावे असे नाही.

पहिला आठवडा जड जाईल. खिशात काही नसताना मोबाईल थरथरल्यासारखा वाटेल, जेवताना हात शोधत राहील. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेल्यांना हे माहीत आहे. तिथे पहिल्याच दिवशी मोबाईल जमा करतात. तिथे मात्र बाहेर पडायला फाटक बंद असते आणि सोबत शंभर माणसे तेच करत असतात. घरी तसे नाही, म्हणूनच रिकाम्या झालेल्या वेळात काय ठेवायचे हे आधी ठरलेले हवे. संध्याकाळचे ग्रंथवाचन हे सगळ्यात सोपे. रोज विहारात जमून वीस पाने वाचली तरी तीन महिन्यांत मोठा ग्रंथ पूर्ण होतो. सकाळी वीस मिनिटे आनापान. पुस्तकाची सवय मोडलेली असेल तर आधी दहा मिनिटे वाचा, पुढच्या आठवड्यात पंधरा. व्यायामशाळेत पहिल्या दिवशी कोणी शंभर किलो उचलत नाही.

गावाने ठरवले तर काय होते याचे उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. एकट्या मुलाचा मोबाईल काढून घेतला तर तो रुसतो, सगळ्या गल्लीचा बंद असला तर खेळायला किंवा वाचायला बसतो. आपल्या वस्तीत भोंगा नसला तरी विहाराची घंटा आहे.

ज्यांना तीन महिने अशक्य वाटतात त्यांनी उपोसथाचे दिवस धरावेत. दोन अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या, महिन्यातून चार दिवस. अष्टशीलांमध्ये नाच, गाणे, तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे शील आहेच. रील त्यात बसते की नाही यावर ग्रुपवर चर्चा करू नये.

याने होते काय, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण चमत्कार सांगणारे पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी सुमारे २,७०० फेसबुक वापरकर्त्यांचा अभ्यास केला. त्यातील काहींना पैसे देऊन चार आठवडे अकाउंट बंद ठेवायला सांगितले. त्यांचा दिवसाला सरासरी एक तास मोकळा झाला, तो वेळ घरच्यांत, मित्रांत आणि, खरे सांगायचे तर, काही प्रमाणात टीव्हीपुढेही गेला. मनाच्या समाधानात वाढ झाली, पण थोडी. राजकीय कडवटपणा कमी झाला. आणि ताज्या बातम्यांचे ज्ञानही कमी झाले. ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे, वर सांगितलेली पाळी त्यासाठीच. प्रयोग संपल्यावरही अनेकांनी फेसबुक आधीपेक्षा कमी वापरले.

जर झोप लागत नसेल, आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर मोबाईल बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही. डॉक्टरांकडे जायला हवे. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मानसिक आजारासाठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे धम्मात कमी पडणे, असा समज कोणी पसरवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. भगवंतांनी स्वतःही जीवकाकडून औषध घेतले होते.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. माझ्या वागण्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा शंका आली असेल तर करुणेने सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. मंडळानेही आश्विन पौर्णिमेला असेच जमावे. कोणाला काय जमले, कोण कुठे घसरले, कोणते अ‍ॅप परत घ्यायचे आणि कोणते नाही, हे समोरासमोर बोलावे. एक व्यावहारिक अडचण मात्र ध्यानात ठेवा. अशोक विजयादशमी या पौर्णिमेच्या पाच दिवस आधी येते. नागपूरला जाणाऱ्या गाड्या, भोजनदानाचे स्टॉल, वैद्यकीय पथके यांचे सगळे नियोजन त्या आठवड्यात मोबाईलवर होते. ज्यांच्याकडे ती जबाबदारी आहे त्यांनी दशमीच्या आधी सात दिवसांची सुट्टी संघाला, म्हणजे आपल्या मंडळाला, सांगून घ्यावी आणि दीक्षाभूमीवरून परतल्यावर उरलेले दिवस पूर्ण करावेत.